दुसरी हाक

काकांना हाक मारायची तर दोनदा मारावी लागे. पहिल्या हाकेला ते ओ देत नसत. ऐकू कमी येत होतं म्हणावं, तर खालच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांच्याबद्दल कोणी पुटपुटलं तरी ते वरच्या मजल्यावर त्यांना बरोबर ऐकू जायचं. पण तुम्ही खुर्चीशी उभं राहून "काका" म्हणालात, की नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवून ते गप्प. पुन्हा "काका" म्हटलं, की मान वळवून अगदी मायेनं, "बोल बाय." चहावाला त्यांची खोड ओळखून जिन्यातूनच ओरडायचा, "काका चहा, काका चहा!" तर त्यालाही म्हणायचे, "एका दमातल्या दोन हाका म्हंजे एकच हाक झाली." मग तो बिचारा जिन्यात दम खाऊन पुन्हा ओरडायचा. सगळ्यांत शेवटी थंडगार चहा काकाच पीत.

मी नोकरीला लागले तेव्हा मला ही चेष्टा वाटली होती. आमचं ऑफिस अलिबागच्या बाजूला, छोटंसं. नागावच्या होमस्टेवाल्यांच्या, कॉलेजांच्या, दवाखान्यांच्या मेल आम्ही सांभाळायचो. फोन घेणं आणि गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकणं माझ्याकडे, सर्व्हर काकांकडे. एका संध्याकाळी लाइट गेले. खोलीत अंधार, सर्व्हरच्या कपाटातले हिरवे ठिपके तेवढे लुकलुकत होते. मी म्हटलं, "काका." ते हलले नाहीत. पण खिडकीच्या उजेडात मला त्यांचा हात दिसला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. हा माणूस माझी गंमत करत नव्हता, घाबरला होता. मी घाईघाईनं पुन्हा हाक मारली, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

"आमच्या म्हसळ्याकडं तिन्हीसांजेला पयल्या हाकेला ओ देत न्हाईत," त्यांनी मग सांगितलं. "जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं. तुझ्या आईच्या आवाजात मारील, भावाच्या आवाजात मारील, पण एकदाच. ओ दिलीस की तू त्याची झालीस."

"तुम्ही भूत मानता?"

"छे! आमच्या आजोबांनी धम्म घेतला, त्या दिवशी देवदेवस्की, अंगारेधुपारे, भुतंखेतं समदी घराबाहेर गेली. भूत न्हाय. पण नियम खरा हाय. ज्याला खरंच काम असतं तो दुसऱ्यांदा हाक मारतोच."

"मग घाबरता कशाला?"

"भूत नसलं म्हणून काय झालं? हाक तर येते ना."

मी हसले खरी. पण त्या रात्री घरी मागच्या पडवीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना कोणीतरी कोणालातरी हाक मारली, आणि मी दुसऱ्या हाकेची वाट बघत दोरीपाशीच थांबले. भीती अशी चिकटते.

नव्या गिऱ्हाइकांना काका आपलं काम समजावून सांगत तेव्हा मला फार मजा वाटे. मेल म्हणजे दारात आलेला माणूस, असं ते सांगत. ओळखीचा असला तर आत घ्यायचा. नामचीन लबाड असला तर दारातच नाही म्हणायचं, आणि का नाही तेही सांगायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला आपली मेल परत आल्याचं कळतं. आणि धड ओळखीचा नाही, धड लबाड नाही, असा कोणी आला तर? त्याला त्यांचा सर्व्हर म्हणायचा, आत्ता जागा नाही, थोड्या वेळानं या. सज्जन माणसाचा सर्व्हर जरा थांबून तीच मेल घेऊन पुन्हा येतो, ती त्याची रीतच असते. कचरा मेल उधळणाऱ्यांना एकाच दारात दोनदा उभं राहायला सवड नसते, ते पुढच्या दाराला जातात. दुसऱ्या खेपेला आला त्याला काका आत घेत आणि त्याची ओळख ठेवत, पुढच्या वेळी त्याला थांबवत नसत. ही युक्ती काही काकांनी शोधलेली नव्हती, जगभर चालते. पण त्यांनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा म्हणे त्यांच्या अंगावर काटा आला. "म्हटलं, ह्या लोकांना आमच्या आईनं कधी सांगितलं?"

त्यांच्या भीतीला अगदीच आधार नव्हता असं नाही. नागावची एक होमस्टेवाली बाई आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या कुणाकडे होती. तिनं दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याच्या नावानं आलेली मेल उघडली आणि तिचे सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. ती आमच्या ऑफिसात बसून रडत होती आणि सारखी म्हणत होती, नाव तर ओळखीचं होतं हो. काकांनी तिला पाणी दिलं. मग मला हळूच म्हणाले, "आवाज ओळखीचा असतो ना, तवाच घाबरायचं."

काकांचं लग्न झालं नव्हतं, आणि त्यालाही हा नियमच कारण. ऑफिसात सगळे यावरून त्यांना चिडवत, तेही चिडवून घेत. तरुणपणी त्यांनी माणगावकडची एक मुलगी पाहिली होती. आवडली होती. तिच्या घरून होकाराचा निरोप आला. एकदा आला. काका दुसऱ्या निरोपाची वाट बघत बसले. खरंच मनात असेल तर पुन्हा विचारतील, घाई कशाला? पुन्हा कोणी विचारलं नाही. मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. पुढे कधीतरी माणगावच्या बाजारात ती समोर आली, कडेवर मूल. काकांना ओळखून थांबली आणि म्हणाली, "न्हाय म्हणायचं होतं तर एक न्हाय तरी धाडायचंत. आम्ही वाट बघत व्हतो."

हे सांगताना काका चिडवून घेणं बंद करत. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला दुसरा नियम लावून घेतला होता, कोणालाही उत्तराशिवाय ठेवायचं नाही. थांब म्हणायचं, नाही म्हणायचं, पण म्हणायचं.

यावरून मालकांशी त्यांचं एकदा कडाक्याचं वाजलं. एका रिसॉर्टवाल्याला कुणी नाराज पाहुणा रोज तक्रारीच्या मेल पाठवत होता. रिसॉर्टवाल्याचं म्हणणं, त्याच्या मेल घ्या आणि परस्पर फेकून द्या, त्याला कळूसुद्धा देऊ नका. करायला हे अगदी सोपं असतं. सर्व्हर "मिळाली" म्हणतो आणि मेल नाहीशी करतो. पाठवणाऱ्याला वाटतं पोचली. घेणाऱ्याला ती आल्याचंच माहीत नसतं. मालक म्हणाले, गिऱ्हाईक मागतंय, करून टाका. काका उभे राहिले.

"दारात उभा करून त्याला न्हाय सांगीन. रोज सांगीन. पण हसत आत घ्यायचा नि मागल्या विहिरीत ढकलायचा, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

"अहो, मेल आहे ती. माणूस नाही."

"त्या पलीकडं माणूसच वाट बघत बसलेला असतो."

मालकांनी कपाळाला हात लावला. काकांना काढावं तर त्यांच्याइतकं काम कोणाला येत नव्हतं. शेवटी त्या पाहुण्याला रोज रीतसर नकार जात राहिला, आणि तो आपोआप थांबला. मला तेव्हा काकांचा फार अभिमान वाटला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगताना ते माझ्याच्यानं सांगवणार नाही.

माझा नवरा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मासळीच्या होड्यांना बर्फ लागतो. बर्फ करायचा तर अमोनिया लागतो. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या वासाची मला दहशत. तो घरी आला की मी आधी त्याचा शर्ट हुंगायची. वास थोडा असला की थोडी भीती, जास्त असला की जास्त. तो हसायचा. "अगं, वास येतोय म्हंजे मी हाय ना जिता." पण मला ठाऊक होतं, रोज वासात राहणाऱ्यांचं नाक मरतं, थोडी गळती त्यांना कळतच नाही. मी त्याला नोकरी सोड म्हणून किती वेळा सांगितलं असेल. तो म्हणायचा, सोडून करू काय, बर्फाशिवाय मला दुसरं येतं काय?

कारखान्याच्या मेलही आमच्याकडेच होत्या. तिथला धोक्याचा भोंगा खाऱ्या हवेनं गंजून मुका झाला होता. तो दुरुस्त करायचं राहिलं, पण मालकानं गळती ओळखणारं एक नवं यंत्र बसवलं. हवेत अमोनिया वाढला की ते मॅनेजरला मेल धाडणार, मॅनेजरचा मोबाइल वाजणार, मॅनेजर माणसं बाहेर काढणार. यंत्र बसलं त्या दिवशी मला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं. चाचणीला बटण दाबायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं होतं, आणि इकडे सर्व्हरपाशी काका बसले होते. माझा नवरा म्हणजे आधीच उतावळा. दाराची बेलसुद्धा त्यानं कधी एकदा वाजवून सोडली नाही, दार उघडेपर्यंत वाजवणार. बंदरावर फोनला धड रेंज नसते, त्यामुळे दोघांचं बोलणं "दाबलं!" आणि "थांब!" याच्या पलीकडे गेलं नाही. थोड्या वेळानं काकांचा चेहरा उजळला. "आली! पयल्यांदा परत धाडली, दुसऱ्यांदा आली. खानदानी यंत्र हाय, बाय. निर्धास्त राहा."

मी निर्धास्त राहिले. पावसाळा गेला, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, कारखाना दिवसरात्र चालू झाला. शर्ट हुंगायची सवयही सुटत चालली होती.

मग एका दुपारी मी फोनवर एका कॉलेजच्या क्लार्कची तक्रार ऐकत होते, आणि खाली रस्त्यावर लोक बंदराकडून पळत येताना दिसले. तोंडाला रुमाल, पदर, जे मिळेल ते. कोणीतरी ओरडलं, "बर्फवाल्यांचा पाइप फुटला!" मी फोन तसाच टाकला. जिन्यात मला काका दिसले, भिंतीला टेकून उभे. रस्त्यावर तो वास माझ्यापर्यंत आला. डोळ्यांतून पाणी, घशात आग. जो तो उलटा पळत होता आणि मी सुलटी पळत होते. पोलिसानं मला नाक्यावर अडवलं. तिथून कारखान्याचं फाटक दिसत होतं आणि त्यातून पांढरा धूर जमिनीलगत सरपटत येत होता. मी नवऱ्याच्या नावानं ओरडले. पुन्हा ओरडले. मग मोजदाद राहिली नाही. आतून एकाही हाकेला ओ आली नाही.

त्याला बाहेर काढला तेव्हा तो जिवंत होता. दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. तोंडावर नळ्या, डोळ्यांवर पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, छाती भाजली आहे आतून, वाट बघायची. मी बाकावर बसून वाट बघत होते. माझ्यासारखी आणखी बायकामाणसं बसली होती, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

काका तिथे आले. समोर उभे राहून म्हणाले, "बाय."

मी फरशीकडे बघत राहिले.

"बाय," ते पुन्हा म्हणाले. "यंत्रानं मेल धाडली होती. पाइप फुटायच्या पुष्कळ आधी. माझ्या दारात आली. मी म्हटलं, थोड्या वेळानं ये. ती परत आली न्हाय."

मला आधी अर्थच लागेना. "पण त्या दिवशी तर आली होती. तुम्हीच म्हणालात, खानदानी यंत्र आहे."

"आत्ता नीट बघितलं. त्या दोन मेल वेगवेगळ्या व्हत्या. पयली आली न्हाय म्हणून तुझ्या नवऱ्यानं परत बटण दाबलेलं. सर्व्हर कोण आलं तेवढंच बघतो, मेल तीच का ते न्हाय. मला वाटलं यंत्र परत आलं. दोन्ही वेळेला माणूसच हाक मारत व्हता, बाय. यंत्राला दुसऱ्यांदा हाक मारायचं ठाऊकच न्हाय."

"आणि ओळख? एकदा आत घेतलेल्याला तुम्ही अडवत नाही ना?"

"कोण बरेच दिवस फिरकला न्हाय तर सर्व्हर त्याची ओळख विसरतो. यंत्र एवढे दिवस गप व्हतं. धोका नव्हता, तर ते बोलणार काय? परत परका झालं."

हे मला कोणी सांगितलं नसतं तर कधीच कळलं नसतं. मॅनेजरला वाटत होतं यंत्रच बिघडलं. सगळे त्या यंत्राला शिव्या देत होते. काकांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर ती मेल जगातून नाहीशी झाली असती.

"आपल्या मालकांना सांगितलंत?"

"सांगणार हाय. आधी तुला."

मी उठले. माझा आवाज चढला, नर्स बघायला लागल्या. "चालते व्हा इथून. आणि का, तेही सांगते, तुम्हाला आवडतं ना कारण सांगितलेलं? तुमची भीती तुम्ही माझ्या नवऱ्याच्या दारात राखणीला बसवलीत. पुन्हा मला तोंड दाखवू नका."

त्यांनी मान हलवली. "तोंडावर सांगितलंस, बरं केलंस," म्हणाले आणि गेले. मला त्याचा आणखी संताप आला.

कारखान्यात नवा भोंगा आला. नवं यंत्र आलं, ते कोणी बघेपर्यंत ठणाणा करतं. आमच्या सर्व्हरवरचा तो नियम काकांनी स्वतःच्या हातानं काढला आणि राजीनामा दिला. पण नव्या माणसाला काम शिकवून होईपर्यंत ते येत होते, त्यामुळे मला त्यांचं तोंड बघावं लागलंच. ते दिवस विचित्र होते. काका प्रत्येक पहिल्या हाकेला ओ द्यायला लागले. खाली कोणी तिसऱ्याच कुणाला हाक मारली तरी हे वरून "ओ!" चहावाल्यानं तोंड उघडायच्या आत "ओ!" अंधार पडल्यावर मात्र जमत नसे. एकदा मालकांनी तिन्हीसांजेला हाक मारली. काकांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही, आणि कपाळावर घाम आला. मी बघितलं आणि मान फिरवली.

नवरा घरी आला. काम करायचं आता त्याच्यानं होत नाही. अंगणापर्यंत चालतो, ओट्यावर बसतो. त्याच्या छातीत आता एका हाकेपुरताच वारा आहे. एकदा "अगं" म्हणतो, मग खोकल्याची उबळ, मग पुन्हा श्वास गोळा करायला किती वेळ. आवाजही त्याचा राहिलेला नाही, घोगरा, चिरका, लहानपणी ज्या आवाजाला ओ देऊ नकोस म्हणून सांगतात तसाच. आमच्या घरात टीव्ही बंद असतो, मिक्सर मी शेजारी जाऊन लावते, नळ बारीक सोडते. त्याची ती एक हाक मला ऐकूच आली नाही तर काय, या भीतीत मी जेवते आणि झोपते.

काका आमच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. बहुतेक संध्याकाळीच, उन्हं कलल्यावर. हातात कधी ताडगोळे, कधी शहाळं. आत यायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. मी त्यांना आत बोलावत नसे. नवरा मला खुणेनं सांगायचा, बोलव त्यांना. एकदा श्वास खर्चून म्हणालाही, "म्हातारा... हाय." मी म्हटलं, असू दे. ताडगोळे फाटकावर टांगून ते निघून जायचे. मी ते कधी खाल्ले नाहीत, नवऱ्यानं खाल्ले.

एका संध्याकाळी मी मागच्या बाजूला भांडी घासत होते. शेजारच्या वाडीत माडांना पाणी द्यायची मोटार चालू झाली आणि तिच्या आवाजात बाकी सगळं बुडालं. मी हात झटकून पुढे जावं म्हणत होते, एवढ्यात एकदम लाइट गेले. मोटार थांबली. अंधारून आलं होतं. त्या शांततेत पुढच्या अंगणातून मला आवाज ऐकू आला.

"ओ!"

नवऱ्याचा नव्हता. मी तशीच भिजल्या हातांनी धावत पुढे गेले. नवरा ओट्याच्या पायरीखाली पडलेला, ओठ निळे. त्याचं डोकं मांडीवर घेऊन काका बसले होते, त्याच्या खिशातला औषधाचा पंप त्याच्या तोंडाशी धरून. फाटक सताड उघडं होतं आणि शहाळं रस्त्यावर घरंगळत गेलं होतं. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. अंग थरथरत होतं, हात तेवढा स्थिर होता.

मी नवऱ्याच्या शेजारी बसले. त्याच्या छातीत घरघर सुरू झाली, मग हळूहळू श्वास लागला. मी म्हटलं, "काका, झालं. आला तो श्वासावर. आत चला."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. "ओ," ते म्हणत होते. "ओ रे. आलो. ओ." हाक एकदाच आली होती, आणि ते अजून ओ देत होते.